हेल्मेट होतं का? तुम्ही विचारलंत म्हणून

माझा भाऊ रस्त्यावरच्या अपघातात गेला हे कळलं की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला, हेल्मेट घातलं होतं का. नातेवाईक विचारतात, शाळा-कॉलेजात रस्ता सुरक्षेवर बोलायला गेले की सर-मॅडम विचारतात, दादाचं नाव काय, वय काय, मागे कोण आहे हे सगळं नंतर. मी उत्तर देत नाही, विषय बदलते, आणि त्यावरून बऱ्याच जणांनी ठरवून टाकलंय की नसणारच घातलेलं. म्हणून एकदाच काय ते लिहिते.

आधी एक सांगते, मी हेल्मेटच्या विरोधात नाहीये. स्कूटीवर कोपऱ्यावरच्या दुकानात जातानाही मी घालते, पट्टा लावून घालते. हेल्मेटमुळे मरणाचा धोका साधारण 42 टक्के आणि डोक्याला मार लागण्याचा 69 टक्के कमी होतो हे मीच पोरांना फळ्यावर लिहून दाखवते. पुण्यात हेल्मेटसक्तीच्या विरोधात लोक रस्त्यावर उतरले तेव्हा माझा जीव जळला होता. त्यामुळे हिला हेल्मेटचं महत्त्व कळत नाही असं कृपा करून म्हणू नका.

पण दादा ज्यावर आदळला तो ट्रेलर. सेकंड शिफ्ट सुटल्यावरची वेळ, सर्व्हिस रोड हायवेला मिळतो तिथे पुलाच्या उताराला ट्रेलर बंद पडून उभा, टेललाइट बंद, मागे रिफ्लेक्टर टेप नाही, इशाऱ्याचा कोन नाही, झाडाची फांदीसुद्धा तोडून ठेवलेली नाही, आणि त्या पट्ट्यातले दिवे तर लागतच नव्हते. गाडी अशी धोकादायक जागी सोडून जाऊ नये हे मोटार वाहन कायद्याच्या कलम 122 मध्ये स्पष्ट लिहिलंय. सप्टेंबर 2024 मध्ये सुप्रीम कोर्टानं अशाच एका केसचा निकाल दिला, हायवेच्या मधोमध रात्री इशाऱ्याशिवाय सोडलेला ट्रेलर आणि त्यावर आदळलेली कार, खालच्या कोर्टांनी निम्मा दोष कार चालवणाऱ्यावर टाकला होता तो सुप्रीम कोर्टानं काढून पूर्ण जबाबदारी ट्रेलरवाल्यावर ठेवली. तो निकाल वाचून मी रडले होते. इतक्या वर्षांत मला एकाही माणसानं विचारलं नाही की ट्रेलर तिथे किती वाजल्यापासून उभा होता.

सुरुवातीला मी उत्तर द्यायचे. आणि खरं सांगते, उत्तर देताना मला बरं वाटायचं, कारण आमचं उत्तर चांगलं होतं. हो, होतं हेल्मेट, आयएसआय मार्कचं. मग पुढचा प्रश्न यायचा, स्पीड किती होता, मग जरा आवाज खाली करून, घेतली वगैरे नव्हती ना. मी प्रत्येकाचं उत्तर द्यायचे, पोस्टमॉर्टेमचा (पीएम) रिपोर्टसुद्धा दाखवलाय मी लोकांना. तेव्हाची मी म्हणायची, दादाचं नाव स्वच्छ राहिलं पाहिजे. ती चूक म्हणत होती असं आजही मला म्हणवत नाही.

मग आमच्या अपघात भरपाईच्या क्लेमच्या कोर्टातल्या तारखांना जाता जाता एक मावशी ओळखीच्या झाल्या. त्यांचा एकुलता मुलगा दुधाची किटली घेऊन डेअरीला निघाला होता, राँग साइडनं आलेल्या टेम्पोनं उडवला. त्या दिवशी मावशींचा उलटतपास होता. विमा कंपनीच्या वकिलांनी विचारलं, तुमच्या मुलानं हेल्मेट घातलं नव्हतं हे खरं आहे का. वकील त्यांचं काम करत होते, मृताचाही निष्काळजीपणा दाखवता आला तर भरपाई तेवढी कमी होते, हे मला माहीत होतं. मावशींना कुठलं माहीत असायला. त्या म्हणाल्या, "नव्हतं साहेब, पन टेम्पो त्याच्या बाजूला आला हुता न्हवं." वकील म्हणाले, विचारलं तेवढंच सांगा. मग तेवढंच लिहून घेतलं गेलं. टेम्पोबद्दलचं म्हणणं कागदावर येईल की नाही म्हणून त्या नुसत्या जजसाहेबांकडे बघत राहिल्या.

बाहेर बाकड्यावर येऊन बसल्या, पाणी पण घेतलं नाही. बऱ्याच वेळानं मला विचारलं, "ताई, तुमच्या भावानं घातलं हुतं का?" मी हो म्हटलं. तर म्हणाल्या, "मग तुमचं बरं हाय. आमचं आदल्या दिशी पावसात भिजलं हुतं, आतनं वास मारत हुतं, मीच वाळत घातलं. त्यो घालाया लागला तर म्याच म्हनलं ऱ्हाऊ दे आजच्या दिवस." आणि मग हळू आवाजात, "म्याच घालवला वं त्याला."

राँग साइडचा टेम्पो कुठेच नव्हता त्यांच्या बोलण्यात. गावानं, पाहुण्यांनी, भेटायला आलेल्या प्रत्येकानं तोच प्रश्न विचारून विचारून टेम्पोवाल्याला सोडवला होता आणि आईला धरलं होतं. आणि माझा तो रुबाबात दिलेला "हो" पण त्यातलाच एक झाला. त्या दिवसापासून मी उत्तर देणं बंद केलं.

तुम्ही म्हणाल भावनेच्या भरात बोलतेय. मग व्यवहाराचं बोलू. आम्ही अपघातातल्या कुटुंबांना कागद जमवायला मदत करतो, एफआयआर, स्पॉट पंचनामा, पीएम रिपोर्ट, समोरच्या गाडीची आरसी आणि विमा. मोटार वाहन कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनं ट्रिब्युनलकडे, म्हणजे अपघात भरपाईच्या कोर्टाकडे, क्लेम करायला सहा महिन्यांची मुदत घातली, 1 एप्रिल 2022 पासून ती लागू झाली. गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही तरी मृत्यूला 2 लाख आणि गंभीर जखमीला 50 हजार मिळतात, अर्ज प्रांताधिकारी किंवा तहसीलदारांकडे जातो. मे 2025 पासून जखमीला सात दिवस दीड लाखापर्यंत कॅशलेस उपचारांची योजना आहे. यातलं कुठेही हेल्मेट नव्हतं तर हक्क गेला असं लिहिलेलं नाही. पण लोक येतच नाहीत, घरात बसून राहतात, आमच्याच पोराची चूक होती ताई, कुठल्या तोंडानं मागायचं, असं म्हणत महिने जाऊ देतात. मी दारात जाऊन सांगते तेव्हा कधी कधी मुदत संपलेली असते.

आता यावर मला सुनावलं जातं की मग पोरांना हेल्मेट घाला सांगायचं तरी कसं, मेलेल्याचं उदाहरण दिल्याशिवाय ती ऐकत नाहीत. हे खरंय. मला याचं उत्तर सापडलेलं नाही. हेल्मेटबद्दल सांगायचं ते जिवंत माणसाला, गाडी काढायच्या आधी, हे मी स्वतःशी पक्कं केलंय, पण वर्गात उभी राहिले की दादाचं नाव तोंडावर येतंच, आणि पुढच्या बाकावर कुणाचा तरी भाऊ, कुणाचा तरी बाप तसाच गेलेला असतो, हेल्मेटशिवाय.

एका कॉलेजनं रस्ता सुरक्षा सप्ताहात बोलवलंय. पोस्टरवर दादाचा फोटो आणि खाली हेल्मेटचा संदेश टाकायचा म्हणतायत. मी त्यांना म्हटलं फोटोशेजारी त्या ट्रेलरबद्दल दोन ओळी टाका, पुलाच्या उतारावरचे दिवे अजून लागत नाहीत तेही टाका. ते म्हणाले मॅडम, त्यानं विषय भरकटेल. मी अजून हो म्हटलेलं नाही.