आरएक्स १००: गिअर ऑइलचं माप आणि ड्रेन बोल्टचे आटे

बाबांची १९९४ सालची यामाहा आरएक्स १०० मोटारसायकल गेल्या पावसाळ्यापासून दोन तक्रारी घेऊन उभी होती. गाडीखाली रोज सकाळी रुपयाएवढा डाग पडायचा आणि पहिल्या किकला पांढरा धूर यायचा. कोल्हापुरात आरएक्सवाल्यांची कमी नाही, त्यामुळे सल्ल्यांचीही नाही. ज्यानं त्यानं एकच सांगितलं: क्रँकचं (पिस्टनच्या जोरानं फिरणाऱ्या दांड्याचं) उजवं ऑइल सील (ऑइल अडवणारी कडी) गेलंय, इंजिन खोल.

सल्ला बिनबुडाचा नव्हता. आपल्या टू-स्ट्रोकमध्ये गिअरचं ऑइल वेगळं आणि क्रँक फिरते ती पोकळी, म्हणजे क्रँकची खोली, वेगळी. मधे उजव्या बाजूला, क्लचच्या अंगाला, ते सील असतं. ते झिजलं की क्रँकची खोली गिअरबॉक्समधलं ऑइल ओढून घेते आणि ते पेट्रोलबरोबर जळतं. धूर वाढतो, ऑइल कमी होतं. डाव्या, मॅग्नेटोकडच्या सीलचं उलट असतं. ते गेलं तर हवा आत शिरते, गाडी आपोआप रेस धरते, धूर मात्र वाढत नाही.

पण खाली डाग पडत असताना ऑइल जळतंय की गळतंय, हे कळणार कसं? मागच्या वेळी ६५० मिली भरलं होतं, १,२०० किलोमीटरनंतर काढलं तर ४१० निघालं. उरलेलं कुठे गेलं, ते या आकड्यावरून सांगता येत नाही. म्हणून आधी गळती बंद करायची, मग माप घ्यायचं, आणि गरज पडली तरच इंजिन खोलायचं, असं ठरवलं.

पहिला रविवार

पाच किलोमीटर फिरवून गाडी गरम केली आणि सपाट फरशीवर डबल स्टँडला लावली. भरायचं झाकण आधी उघडलं. ही सवय सगळ्यांनी लावून घ्या. खालचं ऑइल सोडून दिलं आणि वरचं झाकणच अडकून बसलं, तर गाडी जागची हलत नाही.

ऑइल सोडायच्या खालच्या ड्रेन बोल्टला सहा कोनांची गोटी (सॉकेट) लावली. चावीपाना इथे वापरू नये, डोक्याचे कोपरे गोल होतात. बोल्ट सुटला, पण बोटांनी फिरेना. शेवटपर्यंत पान्यानंच काढावा लागला, तेव्हाच शंका आली. बाहेर आल्यावर आट्यांमध्ये अॅल्युमिनियमची चकचकीत तार गुंडाळलेली दिसली. ती केसिंगच्या, म्हणजे इंजिनाच्या कवचाच्या, आट्यांची होती.

पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, मोजायचं गेज लावल्यावर उलगडा झाला. बोल्ट १२ मिलिमीटरचाच होता, पण पिच १.७५. हार्डवेअरच्या दुकानात १२चा बोल्ट मागितला की सहसा हाच हातात येतो. केसिंगमध्ये खोलवर जे दोन-तीन आटे शाबूत होते, त्यांची पिच १.५. असा बोल्ट दोन फेरे सहज जातो, मग अडतो, आणि पुढे रेटला की लोखंड जिंकतं. मधल्या काळात एका गॅरेजात ऑइल बदललं होतं, तिथेच हे झालं असावं. वर दोन वायसर एकावर एक, त्यांवर टेफ्लॉन टेप आणि कडेनं एपॉक्सीचा थर. टेपनं आटे भरून येत नाहीत. तिचे तुकडे सुटून आत जातात आणि घसरडेपणामुळे बोल्ट हाताला कळायच्या आत जास्त आवळला जातो.

ऑइल मोजायला भाचीची दुधाची जुनी बाटली ठेवली आहे, मिलीच्या खुणा स्पष्ट आहेत. निघालेलं ऑइल बोटांत चोळून पाहिलं. दुधाळ नव्हतं, म्हणजे पाणी शिरलेलं नाही. लोहचुंबकाला थोडी काळी राख चिकटली, कण एकही नाही. जुन्या गिअरबॉक्सला एवढी राख चालते.

आट्यांची दुरुस्ती

गाडी भारतात १९८५ ते १९९६ बनली. चांगलं जुनं केसिंग आज मिळवायचं म्हणजे शोध आणि नशीब दोन्ही लागतं, तेव्हा आहे ते जपायचं. १४ मिलिमीटरचे आटे पाडून जाडा बोल्ट बसवता आला असता, पण मग भोक आणखी मोठं झालं असतं. मला मूळ मापाचाच बोल्ट हवा होता. म्हणून तारेचं इन्सर्ट बसवायचं ठरवलं: स्टीलच्या तारेची स्प्रिंग, जिच्या आतल्या बाजूला मूळ मापाचे आटे मिळतात.

उद्यमनगरात लेथवर आयुष्य काढलेले एक तात्या आहेत. संध्याकाळी ते स्वतः घरी आले. इंजिन उतरवून, उलटं करून पिलर ड्रिलखाली धरलं तर भोक सरळ पडेल, पण सगळा कीस गिअरबॉक्समध्ये पडेल, असं त्यांचं म्हणणं. म्हणून गाडी स्टँडवरच ठेवून खालून वर काम केलं. साडेबारा मिलिमीटरचं ड्रिल हळू वेगानं, मी बाजूला गुण्या धरून. टॅपच्या, म्हणजे आटे पाडायच्या हत्याराच्या, खाचांत ग्रीस भरलं, कीस त्यालाच चिकटून खाली येतो. अॅल्युमिनियमला आटे पाडताना रॉकेलसारखं वंगण नाही, तेही त्यांनी बरोबर आणलं होतं.

टॅप माझ्या हातात देऊन म्हणाले, "गडबड करू नगंस. अर्धा फेरा फुडं, पाव फेरा मागं. हाताला जड लागलं की थांबायचं."

"आणि तरी जड लागलं तर, तात्या?"

"तर काढून पुसायचा. तुटला तर काढायला मला चार तास लागत्यात."

पाऊण तास लागला. स्प्रिंग भोकाच्या तोंडापासून अर्धा आटा आत बसवली, म्हणजे वायसर टेकायला सपाट जागा राहते. तिच्या टोकाची आडवी शेपटी आत तुटून पडू नये म्हणून लांब नाकाच्या पकडीत धरून, मागे-पुढे वाकवून मोडली आणि बाहेर काढली. शेवटी खालचं भोक उघडं ठेवून वरून अर्धा लिटर स्वस्तातलं ताजं ऑइल ओतलं. खाली पांढऱ्या धोतराचं फडकं. पहिल्या ओतण्यात दोन चकचकीत कण दिसले, दुसऱ्यांदा एकही नाही.

बोल्ट बसवताना

नवा बोल्ट १.५ पिचचा. वायसर तांब्याचं, एकच. हाताशी नवं नसेल तर जुनं तांब्याचं वायसर गॅसवर मंद लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाकावं. तांबं मऊ होतं आणि पुन्हा नीट दबतं. मात्र त्यावर खोल चर पडला असेल तर टाकून द्या.

बोल्ट भोकाला लावून आधी उलटा फिरवला. आटे जुळले की बारीक 'टक' होऊन बोल्ट किंचित खाली बसतो, तिथून सुलटा फिरवायचा. किमान चार-पाच फेरे नुसत्या बोटांनी गेले पाहिजेत. बोटांनी जात नसेल तर पान्यानंही न्यायचा नाही. मग टॉर्क पाना, २० न्यूटन-मीटर. एकदा 'कट' वाजला की थांबायचं, 'अजून थोडा' नाही. गळती अडवतं ते दबलेलं वायसर. पान्याला पाइप लावून जोर काढायची इथे काहीच गरज नसते, आणि अॅल्युमिनियमला तो जोर सोसत नाही.

ऑइल फोर-स्ट्रोक बाइकचं, डब्यावर जासो एमए लिहिलेलं. आपला क्लच याच ऑइलात बुडालेला असतो. कारच्या काही ऑइलांत घर्षण कमी करणारे पदार्थ असतात, त्यानं क्लच घसरतो. टू-टी ऑइल, म्हणजे पेट्रोलबरोबर जळायचं ऑइल, उजव्या कव्हरमागच्या टाकीत, इथे नाही. नवीन आरएक्स घेतलेल्यांकडून ही चूक मी दोनदा पाहिली आहे, म्हणून लिहितो.

माप

६५० मिली भरलं, पाच किलोमीटर फिरवलं आणि स्वच्छ भांड्यात परत काढलं. वीस मिनिटं निथळू दिलं, ६२५ निघालं. म्हणजे २५ मिली भिंतींना आणि कोपऱ्यांत राहतं. हा माझा पाया. तेच ६२५ परत भरलं, तांब्याचं वायसर मात्र नवं घातलं.

त्यानंतर ६०० किलोमीटर झाले. पन्हाळा तीनदा, गगनबावडा दोनदा, बाकी शहरात. चढाला मुद्दाम खालच्या गिअरमध्ये ताणली. गाडीखालचा पुठ्ठा रोज सकाळी कोरडा. काल तसंच गरम करून, तितकाच वेळ निथळून ऑइल काढलं: ६२०.

सील खात असतं तर एवढ्या अंतरात हा आकडा बराच खाली आला असता. इंजिन खोलत नाही. थंड गाडीचा धूर टू-टीचाच आहे, दोन किलोमीटरनंतर तो राहत नाही. आता टू-टी ऑइलच्या पंपाची सेटिंग तपासायला घेतली आहे.

काळं ऑइल पाच लिटरच्या कॅनमध्ये साठवतो. शेजारचे काका लाकडाला वाळवी लागू नये म्हणून मागत होते, त्यांना समजावून नाही म्हटलं. २०१६च्या नियमांत वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यात मोडतं, आणि आमच्या गल्लीचं गटार शेवटी पंचगंगेलाच जातं. कॅन भरला की अधिकृत पुनर्वापरवाल्याला ऑइल देणाऱ्या वर्कशॉपच्या पिंपात रिकामा करतो.

पुढचं माप १,२०० किलोमीटरला. पुठ्ठा तोवर गाडीखालीच आहे.