पेन्सिल खाली ठेवताना

रविवार, रात्री अकरा

आज तिने वाचून दाखवलं. अडीच महिने ती माझ्या लेखनाच्या वर्गात शेवटच्या खुर्चीवर बसून नुसतं ऐकत होती. "मला वाचायला सांगू नका, मी आपली ऐकायला येते," असं पहिल्याच दिवशी बजावून ठेवलं होतं तिने. आज सगळ्यांचं वाचून झालं, मी कागद आवरायला लागले आणि मागून आवाज आला, "मी वाचू का?" झोपायच्या आधी हे लिहून ठेवायलाच हवं.

तिच्या वहीतलं पहिलं वाक्य मला अजून पाठ आहे. 'माझ्या जीवनात आईचे स्थान अनन्यसाधारण आहे.' शुद्धलेखनाची एक चूक नाही. पुढची दोन पानंही तशीच, घोटीव अक्षरातली. फक्त आई कुठे दिसत नव्हती. त्याच दिवशी मधल्या सुट्टीत ती शेजारणीला सांगत होती, "आई भांडी घासताना मोठमोठ्यानं बोलायची. गप्प झाली की आम्ही समजायचो, आज घरातले पैसे संपले." मी हातात पाण्याचा पेला धरून तशीच उभी राहिले. म्हटलं, "हे का नाही लिहिलंत?" ती माझ्याकडे बघत राहिली. "हे काय लिहायचं असतं का?"

गेली सहा वर्षं हा प्रश्न मी किती जणांच्या तोंडून ऐकलाय. बोलताना माणसं डोळ्यांसमोर घर उभं करतात आणि कागद पुढे आला की लग्नाकार्याला नेसल्यासारखी भाषा नेसून येतात. मला त्यांचा राग येत नाही. मीही तेच केलं होतं.

लिहायला लागून मला चाळीसहून जास्त वर्षं झाली. शाळेत असताना आजोबांवर निबंध लिहिला होता. 'आजोबा खाकरले की अख्खं घर उठून बसायचं,' असं त्यात होतं. त्याखाली लाल शाईची रेघ आणि समासात शेरा, 'बोलीभाषा टाळा.' मी टाळली. पुढची दहा वर्षं टाळली. गुण मिळाले, बक्षिसं मिळाली, पुढे छापूनही आलं. पण आजोबांबद्दल मी परत लिहिलं ते थेट तिशीनंतर, तोवर त्यांचा आवाज आठवायला खूप जोर लावावा लागला. ते दु:ख अजून आहे.

त्याच सुमारास एका संपादकांनी माझी कथा परत पाठवली. आत एकही खाडाखोड नव्हती. तिसऱ्या पानावर पेन्सिलीने एवढंच विचारलं होतं, 'इथे तिला राग नाही आला?' आला होता. मला लिहायचं धाडस झालं नव्हतं. मी ती कथा चार वेळा नव्याने लिहिली.

एवढं मिळूनही मी शिकवायला लागले तेव्हा हातात तीच लाल शाई होती! वर्गही नव्हता तेव्हा. एका मैत्रिणीने तिच्या आजारपणाबद्दल लिहिलेलं 'जरा बघ' म्हणून दिलं. मी रात्रभर बसून वाक्यं घट्ट केली, दोन परिच्छेद वर घेतले, शेवट बदलला. तिने वाचलं आणि हळूच म्हणाली, "छान झालंय गं. पण आता हे तुझं वाटतंय." त्यानंतर तिने लिहिलेलं मला कधीच दाखवलं नाही.

म्हणून आता वर्गाची सुरुवात दहा मिनिटांच्या न थांबता लिहिण्याने होते. हात थांबवायचा नाही, मागे वळून वाचायचं नाही, खोडायचं नाही, काही सुचलंच नाही तर 'सुचत नाही' हेच लिहीत राहायचं. पीटर एल्बो या अमेरिकन अध्यापकांनी १९७३ मध्ये आपल्या पुस्तकात ही रीत मांडली. लिहिणं आणि तपासणं एकाच वेळी चाललं की दोन्ही अडतात, हे त्यामागचं साधं कारण. स्वत: एल्बोंना एके काळी लिहिताच येईना म्हणून हार्वर्डमधलं शिक्षण अर्धवट सोडावं लागलं होतं. हे वर्गात सांगितलं की दोन-तीन चेहरे तरी सैल होतात.

आणि एकदा तरी मी मुक्ता साळवेचा निबंध वाचते. १८५५ साली 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आलेला. फुले दांपत्याच्या शाळेतली जेमतेम चौदा वर्षांची मुलगी आपल्या मांग-महार लोकांच्या दु:खाबद्दल लिहिते आणि आमचा धर्म तरी कोणता, असं थेट देवालाच विचारते. वाचून झाल्यावर मी काही बोलत नाही. दोनेक मिनिटं तसंच बसून राहतो आम्ही. हे लिहायचं असतं का, असं त्या दिवशी कोणी विचारत नाही.

तर आज. तिने आज वाचलेली पानं बुधवारीच माझ्याकडे दिली होती. एका परिच्छेदात 'आई' हा शब्द सात वेळा आला होता. तिसऱ्या 'आई'वर माझी पेन्सिल टेकलीसुद्धा, इथे 'ती' हवं म्हणून. मग खाली ठेवली, आणि वही तशीच परत दिली. आज ती वाचत होती तेव्हा कळलं, ती हाका मारत होती. पाचव्या हाकेला तिचा आवाज चिरकला, पण ती थांबली नाही. मी खुणा करायला म्हणून हातात धरलेली पेन्सिल नकळत इतकी घट्ट दाबली होती की बोटावर वळ उठलाय.

वाचून संपलं. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, बरं झालं. मी काही बोलणार तेवढ्यात पुढच्या रांगेतला सगळ्यात अबोल मुलगा मागे वळला आणि म्हणाला, "काकू, मग पैसे आले की त्या परत बोलायला लागायच्या का?"

ती वही मिटता मिटता थांबली. बराच वेळ विचार केला तिने.

"आठवत नाही रे," म्हणाली. "लिहून बघते."