दोन चौरस फूट

कपाटामागे पडलेलं पेन काढायला म्हणून कपाट वीतभर पुढे ओढलं आणि कळलं, आमच्या फरशीच्या फटी पांढऱ्या आहेत. इतकी वर्षं मी त्यांना करड्या समजत होते. करडा रंग काय शोभतो फरशीला, मळखाऊ आहे, असं पाहुण्यांना सांगूनही झालं होतं. कपाटाखालच्या चार फटी मात्र दुधासारख्या, आणि कपाटाची कड जिथे संपते तिथून पुढे चहाचा डाग पसरावा तसा काळपटपणा सुरू.

लाज वाटली ती वेगळ्याच कारणाने. रोज पुसतो ना आपण फरशी! आणि त्या पुसण्यानेच हे केलं होतं. टाइलचा पृष्ठभाग गुळगुळीत, तिच्यात काही मुरत नाही. फटीत भरलेलं सिमेंट मात्र खापरासारखं पाणी पितं, शिवाय टाइलपेक्षा केसभर खाली असतं. म्हणजे पुसणीने टाइलवरून गोळा केलेलं गढूळ पाणी ओघळून नेमकं तिथेच जातं. पाणी वाळतं, मळ राहतो. वर आपण ‘आज जरा जास्त टाकू’ म्हणून झाकणभर जादा ओतलेला साबण चिकट थर होऊन बसतो आणि दुसऱ्या दिवशीच्या धुळीला धरून ठेवतो.

साफ करायचं ठरवल्यावर पहिला प्रयोग सगळे करतात तोच केला. खायचा सोडा पसरला, वर व्हिनेगर ओतलं. काय फसफसलं ते! पाच मिनिटं मी मुग्ध होऊन बघत बसले. पण तो सगळा दिखावा निघाला. सोडा अल्कली, व्हिनेगर आम्ल. दोघं एकमेकांना संपवतात, कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि मागे जवळजवळ खारं पाणीच उरतं. त्यातून नुसत्या व्हिनेगरचा मारा वरचेवर केला तर ते फटीतलं सिमेंटच हळूहळू खातं. संडास धुवायच्या ॲसिडचं तर बोलायलाच नको. फटी लख्ख दिसतात खऱ्या, पण मळाबरोबर वरचा पापुद्राही गेलेला असतो. खाली उरलेलं खरबरीत सिमेंट आधीपेक्षा लवकर मळतं.

शेवटी जमलं ते साध्या गोष्टींनी. सोड्यात थोडं पाणी घालून लापशीसारखा लगदा केला, फटीत भरला आणि जुन्या टूथब्रशने घासलं. हट्टी डागांना ऑक्सिजनवालं ब्लीच गरम पाण्यात कालवून दहा-पंधरा मिनिटं राहू दिलं. (क्लोरीनवालं ब्लीच वापरणाऱ्यांनी ते व्हिनेगर, ॲसिड किंवा अमोनियाच्या आसपासही नेऊ नये. विषारी वायू तयार होतो, आणि न्हाणीघर एवढंसं असतं.) तारेचा ब्रश टाळला, त्याने टाइलवर ओरखडे उठतात. मला उशिरा सुचलेली गोष्ट म्हणजे घासून निघालेला राखाडी चिखल लगेच स्पंजने टिपून घ्यायचा. पहिल्या दिवशी मी तो तसाच ठेवून पाय मोकळे करायला उठले. परत येते तर तो निमूटपणे पुन्हा फटीत जाऊन बसलेला.

गुडघे दुखायला लागले की माणूस हिशेब करतो. खोली 10 बाय 12 फुटांची, टाइल एक फुटाची. उभ्या-आडव्या फटी मिळून 218 फूट. छाती दडपली. मग रुंदी धरली, 3 मिलिमीटर. सगळं क्षेत्रफळ मिळून जेमतेम दोन चौरस फूट! 120 चौरस फुटांच्या खोलीत दोन टाइल्स मावतील एवढी जागा, आणि खोली कळकट दिसायची की नवीकोरी, हे तिने ठरवायचं. उरलेल्या 118 फुटांनी रोज पुसून घ्यायचं आणि गप्प बसायचं.

लेक शाळेतून आली तेव्हा खिडकीजवळच्या तीन रांगा झाल्या होत्या. दारात थबकून तिने विचारलं, “आई, तू फरशीवर रेघा का मारल्यास?” एक कोपरा साफ करण्यातली खरी गोम ही. तेवढ्यावर काम भागत नाही, उलट उरलेल्या खोलीची चुगली होते. आता मागे फिरायची सोय नाही.

सगळं झालं की दोन दिवस खडखडीत वाळवून वर सीलर लावायचा बेत आहे. मग पाण्याचा थेंब मुरायच्या आत टिपता येईल म्हणे. पण तो बेत अजून लांब आहे, पाच रांगा बाकी आहेत. कपाट तसंच पुढे ओढलेलं आहे, येता-जाता सगळ्यांना ठेचकाळतं. मी ते ढकलू देत नाही. रंग जुळतोय का ते बघायला मूळचा नमुना डोळ्यांसमोर लागतो. पेन मात्र अजून सापडलेलं नाही.