तुम्ही विचारलंत म्हणून: पंचायतीत कशाला?

"धंदा जोरात चाललाय, दानधर्म करतोस, मग लेका पंचायतीत कशाला शिरलास?" तालमीच्या कट्ट्यावर हेच, लग्नाच्या पंगतीतही हेच. शेवटी, "मूळचे तुम्ही यूपीचे न्हवं?" आहोत की. वडील मोल्डर, म्हणजे ओतकामाचे साचे घालणारे, म्हणून कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत आले, मी लेथवर हात बसवला, आता स्वतःचं मशीन शॉप आहे. शाळेला पंखे दिले, मंडळाला वर्गणी दिली, तेव्हा कुणी 'कशाला' म्हणालं नाही. देणारा बाहेरचा चालतो, मत मागायला आला की खटकतो.

२०१९ चा ऑगस्ट. राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट, पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. महामार्ग पाण्याखाली. आम्ही शेडमधून मदतीचे किट वाटले. फोटोही निघाले, बरं वाटलं, खोटं कशाला सांगू?

पाणी ओसरल्यावर एक बाई आल्या. फाउंड्रीत कोअर, म्हणजे साच्यात बसवायचे वाळूचे गाभे, बनवायच्या, भाड्याच्या खोलीत राहायच्या. हातात माझंच किट, न सोडलेलं. "दादा, हे ऱ्हाऊ द्या. पंचनाम्यात तेवढं नाव घालायला सांगा." यादीत नाव घरमालकाचं, आणि तो राहायचा भलतीकडंच. बाईंचं रेशनकार्ड गावाकडचं, भाड्याचा व्यवहार तोंडी. खोलीत गुडघाभर गाळ होता, पण गाळाला कागद लागत नाही, मदतीला लागतो.

त्यांना घेऊन मी ऑफिसात गेलो. टेबलापलीकडच्या माणसानं मला खुर्ची दिली, चहा मागवला. बाई दाराशी उभ्या. "शेठ, तुमचं मन मोठं. पण यात तुम्ही पडू नका." चहा गोड होता. मी तो संपवला. बाई उभ्याच होत्या.

२०२१ च्या जानेवारीत निवडून आलो. जुलैत परत महापूर. या वेळी पथकाबरोबर दारोदार फिरलो, भाडेकरूंसाठी भांडलो. काहींची नावं लागली. ज्यांची राहिली ते मला शिव्या घालतात, आणि त्यांचं चुकतं असंही म्हणवत नाही. सदस्याची सही पंच म्हणून चालते. पुढचं तलाठी आणि तहसील बघतं. मधूनच माझ्यातला जुना शेठ कुरकुरतो: प्रचाराच्या खर्चात किती घरांचं धान्य भरलं असतं! त्याला अजून धड उत्तर देता आलेलं नाही.

आणि त्या बाईंनी मत दिलं का, असंही विचारता. कसं देणार? मतदार यादीत त्यांचं नाव गावाकडंच आहे.

पुन्हा उभा राहणार का? बायको नको म्हणते. बघू.