तुम्ही विचारलंत म्हणून : पोराला सायबरला घालू का?

लग्नात, बारशाला, बँकेच्या रांगेत, कुठंही गाठ पडली की प्रश्न एकच : "पोराला सायबर सिक्युरिटीचा कोर्स लावू का? का तेही आता एआयच करणार?" हो म्हटलं तर तुमचा विश्वास बसत नाही. नको म्हटलं तर "तुम्ही स्वतः त्यातच आहात की" हे ऐकावं लागतं. म्हणून एकदा सविस्तर सांगतो.

एआय काम करतं, हे आधी कबूल करतो. रात्री तीनला डोळे शिणलेले असताना मुद्दाम गुंतवून ठेवलेली पॉवरशेल कमांड (विंडोज संगणकाला दिलेला लेखी हुकूम) समोर आली की ती उलगडायला मला अर्धा तास जायचा. एआयचं टूल काही सेकंदांत सांगतं, आणि बहुतेक वेळा बरोबर सांगतं. ते आणावं म्हणून मीच वरिष्ठांशी भांडलो होतो. आजही भांडेन. रात्रभर खोटे अलर्ट, म्हणजे संशयास्पद हालचालीचे फुकटचे इशारे, बंद करत बसल्यानं माणूस खचतो. चांगली पोरं त्यापायी हे क्षेत्रच सोडून गेलेली मी पाहिली आहेत.

पण जोतिबाच्या यात्रेतली रात्र सांगितल्याशिवाय माझं म्हणणं कळणार नाही.

एमआयडीसीतल्या एका फौंड्रीच्या सर्व्हरवर आमची नजर असायची. चैत्र पौर्णिमेच्या रात्री तिथल्या सिस्टीम बघणाऱ्या साहेबांच्या खात्यावरून व्हीपीएनने (बाहेरून कंपनीच्या नेटवर्कात शिरायच्या सुरक्षित मार्गानं) लॉगिन झालं. पासवर्ड बरोबर, वेळ मध्यरात्रीनंतरची. मार्च अखेरीला ते साहेब रात्र-रात्र हिशेबाच्या सर्व्हरवर बसले होते, त्यामुळं टूलच्या लेखी त्यांचं रात्री येणं नेहमीचंच. त्यानं शेरा मारला : धोका कमी.

एल-वनला, म्हणजे अलर्ट आधी बघणाऱ्या पहिल्या पायरीवर (तिच्या वरची एल-टू), गडहिंग्लजची एक मुलगी होती, कॉलेजातून नुकतीच आलेली. तिनं अलर्ट बंद केला नाही. "सर, यात्रेच्या रात्री हे काम करत असतील?" मी म्हटलं, फोन लाव. साहेबांचा फोन लागेना. मग तिनं घरच्या नंबरवर लावला, झोपेतून उठवलं म्हणून बोलणी खाल्ली, आणि कळलं की ते आदल्या दिवशीच गावच्या सासनकाठीबरोबर डोंगरावर गेलेत. तोवर त्या खात्यावरून बॅकअपचा सर्व्हर शोधणं सुरू झालं होतं. रॅन्समवेअरवाले, म्हणजे डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणारे, आधी बॅकअपच (डेटाची राखीव प्रत) मोडतात. तो गेला की पैसे देण्यावाचून मालकाला फारसा मार्ग उरत नाही. आम्ही खातं बंद केलं, सेशन तोडलं. पासवर्ड त्यांच्या घरच्या लॅपटॉपवरून चोरीला गेला होता, हे नंतर समजलं. २०२२ च्या नियमानुसार असा प्रकार सहा तासांत सर्ट-इनला (सायबर घटना हाताळणारी केंद्र सरकारची संस्था) कळवावा लागतो. तो अहवालही पहाटे तिनंच लिहिला.

पुढं काही महिन्यांनी एल-वनची रात्रपाळी बंद झाली. टूल किती अलर्ट स्वतःच मिटवतं याचे आकडे बैठकीत मीच मांडले होते. ते खरे होते, आणि खोटे आकडे मी दिले नसते. तिला निरोपही मीच दिला. ती रडली नाही, भांडली नाही. म्हणाली, "दाखल्यावर एल-टू लिहाल का सर? सगळ्या जाहिराती तीन वर्षांचा अनुभव मागतात." मला तसं लिहिता येत नव्हतं. ती गेल्यावर बराच वेळ मी स्क्रीनकडं बघत बसलो. समोर काय चाललंय ते दिसत नव्हतं.

टूलसाठी भांडताना मी म्हणायचो, एल-वन हे माणसाचं कामच नव्हे, पोरं सरळ वरच्या कामाला लागतील. त्या वेळच्या मला आज विचारावंसं वाटतं : कुठली पोरं, आणि कुणाच्या हाताखाली शिकून? तो उलट विचारेल, मग काय, त्यांना पुन्हा रात्रभर खोट्या अलर्टवर बसवायचं? याला माझ्याकडं उत्तर नाही.

आयएससीटू या सायबर सुरक्षेतल्या लोकांच्या जागतिक संस्थेनं २०२४ मध्ये जगात या कामाला ४८ लाख माणसं कमी असल्याचा अंदाज मांडला. त्याच पाहणीत टंचाईचं पहिलं कारण म्हणून पुढं आली ती पैशाची नामंजुरी; कुशल माणसं मिळत नाहीत हे कारण त्याच्या मागं पडलं. माणसं हवीत म्हणून ओरडायचं आणि नवख्याला दारात उभं करायचं नाही, याची मला चीड येते. त्या दारावर मीही बसलोय, हे तुम्ही म्हणायच्या आधी मीच म्हणतो.

तर तुमच्या पोराला आवड असेल तर घाला. नेटवर्किंग आणि लिनक्स पक्कं करू दे, एआयचं टूल वापरू दे, आणि त्यानं दिलेलं उत्तर लॉग (संगणकानं ठेवलेल्या नोंदी) उघडून तपासायची सवय लागू दे. कोर्सवाला नोकरीची हमी देत असेल तर त्याला विचारा, मागच्या बॅचची किती पोरं आज खरोखर अलर्ट बघतायत आणि रात्री त्यांच्या शेजारी कोण अनुभवी बसतं. आमच्याकडं सध्या कुणी बसत नाही. पुढच्या वर्षी दोन नवखी पोरं घ्यावीत असा अर्ज मी दिलाय, मंजुरी आलेली नाही.