तीन व्होल्ट कुठं गेले?

रविवारी गॅरेज बंद असतं, फोन मात्र चालू ठेवतो. जानेवारीतल्या त्या रविवारी सकाळी पावणेसातला बाईंचा फोन आला. नमस्कार-चमत्कार काही नाही, एकदम, "दादा, फ्रीज रात्री परत बंद पडला. यांचं इन्सुलिन आत आहे."

बाई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. आख्खी गल्ली त्यांना बाईच म्हणते, मीही म्हणतो. सर बँकेतून निवृत्त. दोघांनी ट्रॅव्हलर व्हॅनवर बांधलेलं मोटरहोम, म्हणजे चाकावरचं घर, घेतलं, तेव्हा त्याच्या टपावरचं सोलर मी बसवून दिलं होतं. बाकीचं वायरिंग आधीच्या बांधणीतलं. माझं गॅरेज कोल्हापुरात, ऑटो इलेक्ट्रिकचं, आणि गेली काही वर्षं अशा गाड्या बऱ्याच येतात.

दोन महिने ते किनाऱ्याकिनाऱ्यानं चालले होते. गोकर्ण, पुढं केरळ, कन्याकुमारी, आणि आता रामेश्वरम. एका लॉजच्या आवारात गाडी उभी. कोल्हापुरातून बाराशे किलोमीटरच्या आसपास. मी जाणार कसा?

पहिलं विचारलं, "फ्रीजमध्ये आत्ता किती डिग्री?" बाईंनी आत थर्मामीटर ठेवलेला असतो. 13. इन्सुलिनचा साठा 2 ते 8 डिग्रीत राहायला हवा. म्हटलं, आधी ते लॉजच्या स्वयंपाकघरातल्या फ्रीजमध्ये ठेवून या, दारातल्या कप्प्यात. बर्फाजवळ नको, गोठलं की ते वाया गेलं. त्या ठेवून आल्या, मग आम्ही निवांत बोलायला लागलो.

दुखणं आठवडाभराचं. वाटेत एकानं सांगितलं, बॅटरी संपली, बदला. बॅटरी लिथियमची, 200 अँपिअर-अवरची, दीड वर्षाची. दुसऱ्या एकानं फ्रीजचा 15 चा फ्यूज काढून 30 चा टाकला आणि "आता जाणार नाही" म्हणून पैसे घेतले. हे ऐकून माझ्या पोटात गोळा आला. फ्यूज असतो वायरीसाठी. 15 अँपिअरच्या हिशोबानं टाकलेल्या वायरीला 30 चा फ्यूज लावला, तर फ्यूज शाबूत राहील आणि वायर जळेल, तीही प्लायवूडच्या भिंतीआड, माणसं झोपलेली असताना. बाईंना तेवढ्यातच तो काढायला लावला. जुना 15 चा त्यांनी डबीत जपून ठेवला होता.

"बंद पडतो तेव्हा काय चालू असतं?" हा माझा नेहमीचा प्रश्न. बहुतेक लोक म्हणतात, काही नाही, असाच पडतो. बाईंनी वही उघडली. शाळेतली सवय, वेळा लिहून ठेवलेल्या. 11:40, 2:15, 4:50. दुसऱ्या रात्रीही जवळपास तशाच.

"बाई, या वेळांना काय होतं?"

पलीकडं क्षणभर शांतता. मग हळू आवाजात, "हे उठतात. साखरेमुळं रात्री दोन-तीनदा उठावं लागतं."

सर उठले की संडासात पाणी सोडणार. पाणी सोडलं की पंप चालू. पंप चालू झाला की फ्रीज बंद. आधीच्या रात्री फ्रीज मिनिटाभरानं आपोआप परत लागायचा, म्हणून लक्षात आलं नाही. काल रात्री फॅन, दिवा, दोन मोबाईल चार्जिंगला, आणि फ्रीज टिक करून उठायचा नि परत बसायचा. सुरू होताना कॉम्प्रेसर जास्त ओढतो, तेवढं त्याला मिळत नव्हतं.

व्हिडिओ कॉल लावला. फ्रीजच्या मागची जाळी काढून कॉम्प्रेसरच्या कंट्रोलरवरचा बारका लाल दिवा बघायला सांगितला. या 12 व्होल्टच्या कॉम्प्रेसरांवर असा दिवा बसवलेला असला, तर तो किती वेळा लुकलुकतो त्यावरून आजार कळतो. सरांना नळ सोडायला लावला. फ्रीज थांबला. बाई मोजत होत्या. "एकदा. थांबला. परत एकदाच." एकदा म्हणजे व्होल्टेज कमी. तीनदा असता तर मोटर उठत नाही असा अर्थ झाला असता, आणि मग मी खरंच हात टेकले असते.

मी दोन वर्षांपूर्वी त्यांना एक साधा मल्टीमीटर दिला होता, पाचशे रुपयांच्या आतला. तो त्यांनी कधी वापरला नव्हता. आता काढला. डीसीच्या 20 वर ठेवायचा, काळी वायर कॉमनला, 230 व्होल्टच्या डब्याकडं अजिबात जायचं नाही, इन्व्हर्टर बंद, लॉजचा प्लग काढून ठेवायचा. एवढं तीनदा म्हणवून घेतलं, पाठांतर घेतात तसं.

बॅटरीच्या टोकांवर, फ्रीज आणि फॅन चालू असताना, 13.0. चांगली होती. फ्रीजच्या टोकांवर 11.1.

"म्हणजे वाटेत दोन व्होल्ट गेले?" बाईंनीच विचारलं.

"गेले. बाई, टाकी भरलेली आहे आणि तोटीला धार बारीक येते, तर काय समजायचं?"

"पायपात कचरा."

हेच. बॅटरी बदलणारा टाकी बदलायला निघाला होता. कचरा कुठल्या पायपात आहे, जाणाऱ्या की येणाऱ्या, एवढंच शोधायचं राहिलं. लोक फक्त पॉझिटिव्ह तपासतात. निगेटिव्ह ही परतीची वाट असते, आणि जेवढा करंट जातो तेवढाच परत यावा लागतो, हे विसरतात. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी फ्रीजच्या निगेटिव्हवर. पिन तिथपर्यंत पोचेना, म्हणून सरांनी जुन्या चार्जरची वायर सोलून लांबवली. वाट नीट असेल तर इथं जवळपास शून्य यायला पाहिजे.

"1.7," बाई म्हणाल्या.

"सर, नळ सोडा."

"3.2! दादा, 3.2!" आणि त्याच क्षणी मागं फ्रीज थांबल्याचा आवाज मला फोनवर आला. माझ्या अंगावर काटा आला, खोटं सांगत नाही. इतकी वर्षं काम करतोय, पण दुसऱ्याच्या हातानं, बाराशे किलोमीटरवरून, दोष असा रंगेहाथ सापडलेला मी पहिल्यांदाच पाहिला. बॅटरी 12.9, निगेटिव्हमध्ये 3.2 गेले, पॉझिटिव्हमध्ये 0.2, फ्रीजला उरले 9.5. या कॉम्प्रेसरची खालची हद्द 9.6 ची. बाईंनी वजाबाकी माझ्या आधी केली.

फ्रीज, फॅन आणि पंप तिन्हींची निगेटिव्ह मागच्या पलंगाखाली एका पितळी पट्टीवर येत होती आणि ती पट्टी एकाच बोल्टनं बॉडीला जोडलेली, तिथून बॉडीतूनच करंट बॅटरीकडं परत जायचा. बाईंना गादी उचलायला लावली. फॅन आणि फ्रीज चालूच ठेवून म्हटलं, त्या बोल्टला बोट लावा.

"गरम आहे! चहाच्या कपासारखा."

करंटला तिथं वाट मिळत नव्हती आणि तो तिथंच उष्णता सोडून जात होता. पंपही चालू झाला की 13-14 अँपिअर आणि तीन व्होल्ट म्हणजे 40 वॅटच्या वर, एका बोल्टवर, पलंगाखाली.

आता खोलायचं. क्रम मी लिहून घ्यायला लावला: आधी सोलरचं स्विच बंद, मग बॅटरीचं मेन कट-ऑफ. उलटं केलं आणि पॅनलवर ऊन असेल, तर बॅटरीशिवाय राहिलेला सोलर कंट्रोलर बिघडू शकतो. बोल्ट 8 एमएमचा, पाना 13 चा. सरांनी जोर लावून फिरवला. थिंबल, म्हणजे वायरीच्या टोकाची धातूची कडी, निघालं आणि बाईंनी कॅमेरा जवळ नेला. थिंबलाखाली पांढरट-हिरवी भुकटी, आणि तिच्याखाली बॉडीचा रंग तसाच! बांधणाऱ्यानं रंग न खरवडताच बोल्ट आवळला होता. सुरुवातीला बोल्टच्या आट्यांतून कसंबसं काम चाललं असणार. दोन महिने खारा वारा लागला, तेही बंद पडत गेलं. रंग न खरवडता अर्थिंग मारणाऱ्याचा, म्हणजे निगेटिव्ह बॉडीला जोडणाऱ्याचा, मला राग येतो, स्पष्ट लिहितो. पाच मिनिटांचं काम असतं ते.

चाकूनं रंग खरवडला, पण धातू चकचकीत करायला पॉलिश पेपर हवा. बाईंकडं नव्हता. सर बाहेर पडले. तमिळ येत नाही, पण पंक्चरवाल्याच्या दुकानात जाऊन हातानं ट्यूब घासल्याचा अभिनय केला आणि पेपरचा तुकडा घेऊन आले. त्यानं पैसेही घेतले नाहीत. रुपयाएवढी जागा चांदीसारखी झाली. थिंबल घासलं, दातेरी वॉशर टाकला, गच्च आवळला, आणि वरून व्हॅसलिनचा थर. व्हॅसलिन जोड आवळल्यानंतर, वरून, आत नाही.

चालू करताना उलटा क्रम, आधी बॅटरी, मग सोलर. फ्रीज, फॅन, पंप, दिवे, सगळं एकदम चालू. निगेटिव्हवर 0.06. फ्रीजला 12.6. सरांनी नळ सोडला, बंद केला, परत सोडला. फ्रीज घुमत राहिला. दुपारी एकला फोटो आला: आत 5 डिग्री, इन्सुलिनची पेटी परत आपल्या जागी.

मी ज्यांच्या हाताखाली शिकलो ते उस्ताद मोठे कारागीर होते. पण गिऱ्हाईक जवळ आलं की पाठ फिरवून काम करायचे. म्हणायचे, विद्या दिली की पोटावर पाय. मीही बरीच वर्षं तसंच केलं. नळाच्या दुकानात, गॅसच्या दुकानात ते कदाचित चालतही असेल. पण जो माणूस आपलं घर चाकावर घेऊन हजार किलोमीटर लांब जातो, त्याला मीटर धरता आला नाही तर वाटेत भेटेल तो त्याला बॅटरी विकणार नाहीतर 30 चा फ्यूज टाकणार. त्या रविवारपासून गाडी ताब्यात देताना मी मालकाला दोन तास थांबवून घेतो. घरात जी बाई किंवा जो पुरुष वही लिहितो, त्याच्याच हातात मीटर देतो. निगेटिव्हचा ड्रॉप, म्हणजे त्या वाटेत किती व्होल्ट जातात ते, स्वतः मोजायला लावतो, गॅसच्या जोडांना साबणाचा फेस लावून बुडबुडे बघायला लावतो, आणि गॅस हवेपेक्षा जड असल्यानं खाली साचतो, म्हणून तळाशी ठेवलेलं भोक पायपुसण्यानं कधी झाकायचं नाही, हे दाखवतो. काहीजण कंटाळतात. थांबवतोच.

तीन आठवड्यांनी बाईंचा मेसेज आला, वहीच्या पानाचा फोटो. दर रविवारचा ड्रॉप, रकाने आखून: 0.06, 0.07, 0.06. खाली लिहिलेलं, "रात्री कुणी नळ सोडलेला नसताना पंप दर वीस मिनिटांनी एकदा टुक करतो. कुठंतरी दाब सुटतोय. आधी पंपाचा व्हॉल्व्ह बघू की नळांचे जोड?"

मी लिहिलं, "आधी जोड. प्रत्येकाखाली रात्री कोरडा कागद ठेवा आणि सकाळी कुठला ओला झाला ते कळवा. सगळेच कोरडे निघाले तर पंप खोलू."

सकाळी सहाला फोटो आला. सिंकखालचा.