तुम्ही विचारलंत म्हणून: करड्या रंगात एवढं काय आहे?

माझ्या टेबलावर अर्धवट रंगवलेलं लढाऊ विमान दिसलं की येणारा प्रत्येक जण एकच विचारतो. "सगळीच तर करडी असतात, मग एकेका मॉडेलवर पाच-पाच महिने कशाला?" विचारणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं, हे मला कळतं. तरी दर वेळी कुठेतरी खुपतं आणि दर वेळी मी काहीतरी वेगळंच उत्तर देऊन मोकळी होते. आज एकदा नीट सांगते. (बाई असून विमानं कशी, या प्रश्नाला मात्र आजही उत्तर देणार नाही.)

पहिली गोष्ट म्हणजे ती नुसती 'करडी' नसतात. एफ-१६ हे अमेरिकन लढाऊ विमान घ्या. त्याच्या मूळ रंगसंगतीत तीन करडे आहेत. पाठीवर मध्यभागी गडद ३६११८, नाकाकडे आणि शेपटीकडे मध्यम ३६२७०, पोटाला फिका ३६३७५. वरून बघणाऱ्याला विमान जमिनीत मिसळून जावं म्हणून पाठ गडद. पोटावर सावली पडते, ती भरून निघावी म्हणून पोट फिकं. हे आकडे अमेरिकेच्या फेडरल स्टँडर्ड ५९५ मधले, १९५६ पासूनचे. २०१७ मध्ये ते सरकारी मानक रद्द झालं आणि एसएई या संस्थेनं ते आपल्याकडे घेतलं, आकडे तेच ठेवून. पाच आकड्यांतला पहिला चकाकीचा: १ म्हणजे चकचकीत, ३ म्हणजे मॅट. दुसरा रंगाच्या कुळाचा: ५ निळ्याचा, ६ करड्याचा. आपल्याकडे राखाडी, पारवा, धुरकट, भुरा असे सुंदर शब्द आहेत आणि ३६३७५ ला मी मनातल्या मनात पारवाच म्हणते. पण माझा पारवा आणि तुमचा पारवा एकच का, हे शब्दावरून ठरत नाही. आकड्यावरून ठरतं. निदान मी तसं धरून चालले होते.

आणि करडाच का? एफ-१५ सुरुवातीला फिक्या निळ्या रंगात आलं होतं. आकाश निळं, म्हणून विमान निळं. ते फार दिवस टिकलं नाही. त्याच्या जागी ३६३२० आणि ३६३७५ ही करड्यांची जोडी आली, नव्वदच्या दशकात त्याहून गडद जोडी आली. लांबवरचं आकाश निळं नसतंच मुळी. क्षितिजाकडे बघताना मध्ये हवेचा एवढा थर असतो की सगळे रंग त्यात विरून जातात. त्यातून उजळ आकाशापुढे विमान पांढरं रंगवलं तरी लांबून काळा ठिपकाच दिसतो, कारण उजेड त्याच्या पाठीमागून येत असतो. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या नौदलानं 'येहूदी' नावाच्या प्रयोगात ॲव्हेंजर विमानाच्या पंखांच्या पुढच्या कडेला दिवे लावले आणि त्यांचा उजेड मागच्या आकाशाइतका ठेवला. एरवी सुमारे १९ किलोमीटरवरून दिसणारं विमान तेव्हा जेमतेम ३ किलोमीटरवर आल्यावर दिसलं. दिवे लावून लपवलं! हे पहिल्यांदा वाचलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

कॅनडाच्या सीएफ-१८ या लढाऊ विमानाच्या पोटावर, कॉकपिटच्या बरोबर खाली, गडद रंगात खोटी कॅनोपी (वैमानिकाच्या डोक्यावरचं पारदर्शक झाकण) रंगवतात. कल्पना कीथ फेरिस या विमानचित्रकाराची. वळण घेताना समोरच्या वैमानिकाला पाठ कुठली आणि पोट कुठलं हे क्षणभर कळू नये, एवढ्यासाठी. एका क्षणासाठी कुणीतरी एवढा विचार केला, आणि तुम्ही म्हणता सगळी सारखी.

यावर काही जण विचारतात, मारायच्या यंत्राचं एवढं कौतुक? हा प्रश्न मी झटकून टाकत नाही. हे रंग आधी आपण दिसू नये आणि समोरचा दिसावा यासाठीच असतात, आणि पुढे काय होतं ते मला माहीत आहे. माझ्याकडे याचं पुरं उत्तर नाही. फक्त एक खूण दाखवते. सत्तरच्या दशकापासून राष्ट्रचिन्हंसुद्धा फिकी होत गेली. ब्रिटिश विमानांवरचा लाल-निळा गोल फिकट गुलाबी आणि फिकट निळा झाला, अमेरिकेचा तारा नुसत्या करड्या रेघेवर आला. पण कॉकपिटच्या बाजूला एक बाण असतो, त्याच्यात 'रेस्क्यू' लिहिलेलं. कॅनोपी बाहेरून कशी उघडायची ते तो दाखवतो. जवळच इजेक्शन सीटचा, म्हणजे वैमानिकाला विमानाबाहेर फेकणाऱ्या खुर्चीचा, त्रिकोण, की इथे स्फोटकं आहेत, हात जपून घाला. सगळं विमान लपायच्या प्रयत्नात असताना ही दोन चिन्हं कुणा अनोळखी माणसाशी बोलत असतात. विमान कोसळलंय, आत माणूस आहे, धावत आलेल्याला हे यंत्र ठाऊक नाही. काही ठिकाणी हा बाणही करडा करून टाकलाय. लपायचं, तरी वाचवणाऱ्याला सापडायचं, हे दोन्ही एकाच पत्र्यावर कसं बसवायचं? मी १:४८ च्या, म्हणजे खऱ्याच्या अठ्ठेचाळिसाव्या भागाएवढ्या मॉडेलवर या बाणाचं डिकल (चिकटवायचं छापील चिन्ह) लावते तेव्हा खरोखर श्वास रोखलेला असतो. विमानावरचं इंचभर अक्षर तिथे अर्ध्या मिलिमीटरचं होतं.

आता ती गोष्ट, जी मी सहसा टाळते.

एका मॉडेल स्पर्धेत मी परीक्षक होते. विशीतला एक मुलगा अमेरिकेच्या नौदलाचं एफ/ए-१८ घेऊन आला होता. या विमानाचा रंग ठरलेला: वर ३६३२०, बाजू आणि पोट ३६३७५. त्याच्या मॉडेलवर मात्र जागोजागी चौकोनी ठिगळं होती, काही गडद, काही फिकी, एखादं हिरवट. नाकाजवळच्या तीन आकडी क्रमांकातला मधला आकडा किंचित कलला होता. बाकी काम अतिशय स्वच्छ, आणि त्यामुळेच ते मला जास्त खटकलं.

मी म्हणाले, "रंग सलग बसलेला नाही. डिकलही वाकडं गेलंय."

तो म्हणाला, "मॅडम, ते विमान तसंच आहे. माझ्याकडे फोटो आहेत." त्याच्या हाताशी प्लॅस्टिकची फाइल होती. त्यानं ती उघडायलाही घेतली.

आणि मी म्हणाले, "फोटोवरून रंग ठरवायचा नसतो."

मग मी पिशवीतून रंगपट्टी काढली, सगळ्यांसमोर, आणि ३६३७५ ची चकती त्याच्या विमानावर ठेवली. एकाही ठिगळाशी ती जुळली नाही. दोघं-तिघं हसले. मी हसले नाही, पण त्यांना थांबवलंही नाही. त्यानं फाइल मिटली. निकाल लागायच्या आत त्यानं विमान मऊ फडक्यात गुंडाळून खोक्यात ठेवलं, आधी चाकं, मग शेपट्या, कशालाही धक्का लागू न देता, आणि तो निघून गेला. ते फडकं गुंडाळणारे हात मला अजून दिसतात.

सात-आठ महिन्यांनी मी दुसऱ्याच मॉडेलसाठी फोटो चाळत होते. फॉर्मेशन लाइटच्या (रात्री शेजारून उडणाऱ्या विमानांना दिसाव्यात अशा मंद दिव्यांच्या) पट्ट्या नेमक्या कुठे येतात ते बघायचं होतं. तिथे ते विमान समोर आलं. तोच क्रमांक. तीच ठिगळं, त्याच जागी. नाकाजवळच्या ठिगळानं मधला आकडा अर्धा खाल्ला होता आणि तो कुणीतरी पुन्हा रंगवला होता, किंचित कललेला. त्या मुलानं तो कल तेवढाच, त्याच बाजूला उतरवला होता. मी त्याचे मार्क कापले होते.

विमानवाहू जहाजावर खारं पाणी विमानाला सोडत नाही. ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरली की खलाशी तेवढीच जागा घासतात, प्रायमर लावतात, हाताशी असेल त्या डब्यातला करडा वरून मारतात. नवा थर जुन्याशी जुळत नाही, कारण जुना उन्हानं उडालेला असतो आणि हातांच्या तेलानं, बुटांनी मळलेला असतो. महिनोन् महिने समुद्रावर राहिलं की विमानाची गोधडी होते. हे मला त्या दिवशी माहीत नव्हतं का? माहीत होतं. मी यावर लोकांना समजावून सांगितलेलं आहे.

मग तसं का वागले? माझ्या बाजूनं एवढंच म्हणता येईल की मी बोलले ते वाक्य खोटं नव्हतं. फोटोत रंग बदलतो. कॅमेरा बदलतो, ऊन बदलतं, छापताना बदलतो. फोटो बघून करडा ठरवणं धोक्याचंच आहे आणि हे मी आजही शिकवते. पण फोटो छटेबद्दल फसवतो, ठिगळ आहे की नाही याबद्दल नाही. आकडा कललाय की सरळ आहे, यात प्रकाशाचा काय संबंध? खरं वाक्य मी चुकीच्या जागी वापरलं आणि त्याच्या आड उभी राहिले.

त्याहून वाईट पुढे आहे. ती चकतीसुद्धा तिथे चालत नव्हती. त्या हॉलमध्ये ट्यूबलाइट होत्या. दोन करडे उन्हात तंतोतंत जुळतात आणि ट्यूबलाइटखाली एक निळसर, दुसरा हिरवट दिसतो, कारण त्यांतली रंगद्रव्यं वेगळी असतात. शिवाय मूळ रंग जसाच्या तसा छोट्या मॉडेलवर दिला की तो जास्तच गडद वाटतो, म्हणून आम्ही सगळे त्यात थोडं पांढरं मिसळतो. मीही मिसळते. म्हणजे माझं स्वतःचं एकही विमान त्या चकतीशी जुळलं नसतं.

आयोजकांकडून त्याचा पत्ता मिळवला आणि सगळं लिहून पाठवलं, त्या फोटोसकट. चार दिवसांनी उत्तर आलं. "काही हरकत नाही मॅडम. ते मॉडेल बहिणीच्या मुलाला खेळायला दिलं." एवढंच. तो अजून मॉडेलं करतो की नाही, हे मी विचारलं नाही. हिंमत झाली नाही.

त्या वेळच्या मला मी पुष्कळदा जाब विचारला आहे. ती म्हणते, सगळे म्हणत होते की यात बघण्यासारखं काही नाही, म्हणून मला काहीतरी पक्कं हवं होतं. पाच आकडे पक्के होते. ते सोडले असते तर माझ्याकडे काय राहिलं असतं, आवड? आवडीला कोण विचारतं? तिचं हे म्हणणं मला आजही पूर्ण खोडता येत नाही. आकडे नसतील तर कुणीही कुठलाही करडा फासावा आणि "माझ्या विमानावर तसाच होता" म्हणावं. पाच आकडे हाताशी असले की जगाच्या दोन टोकांवरची, एकमेकांची भाषा न येणारी दोन माणसं एकच रंग तयार करू शकतात. ते मी सोडणार नाही.

पण विमान म्हणजे आकडा नाही, हेही आता सोडता येत नाही. कारखान्यातून निघालं त्या दिवशी ते ३६३७५ होतं. त्यानंतर त्याच्यावर जे जे घडलं, तेही त्याचा रंगच आहे.

हल्ली परीक्षण करताना मी आधी विचारते, हे कुठलं विमान, कधीचं? फाइल असेल तर ती आधी बघते, मग मॉडेल. मागच्या वेळी एकानं असाच ठिगळांचा एफ/ए-१८ आणला होता. फोटो नव्हते, विमानाचा क्रमांकही ठरलेला नव्हता. ठिगळं छान दिसतात म्हणून केली होती, असं त्यानं सरळ सांगितलं. मी मार्क कमी दिले. तोही नाराज होऊन गेला. मी घरी येऊन बराच वेळ बसून राहिले.

सध्या टेबलावर आहे तेही एफ/ए-१८ च. डाव्या पंखाच्या मुळाशी एक ठिगळ आहे, ज्याचे माझ्याकडे दोन फोटो आहेत. एकात ते भोवतालच्या रंगापेक्षा गडद दिसतं, दुसऱ्यात फिकं. तीन आठवडे झाले, तेवढी जागा मी कोरी ठेवली आहे.